नाव हरवलेली चांदी

इंग्लंडातल्या एखाद्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला बोटभर लांबीची चांदीची चपटी सळई सापडते. एका अंगाला लांबट भोक, जवळच एक गोल छिद्र, अंगावर कोरलेली दोन अक्षरं आणि टोकाला इवलीशी वाटी. सुई म्हणावी तर टोक बोथट. चमचा म्हणावा तर त्यात मोहरीचे चार दाणेही मावायचे नाहीत. हीच वस्तू मराठी घरातल्या एखाद्या आजीपुढे ठेवली, तर वाटीकडे पाहून ती लगेच म्हणेल, "अहो, हे कानकोरणं आहे." आणि ती निम्मी बरोबर ठरेल.

इंग्रजीत या वस्तूला बॉडकिन म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या बायका तिच्या भोकात फीत ओवून ती चोळीच्या किंवा झग्याच्या काजांमधून खेचून घ्यायच्या. काम झालं की हीच सळई केसांत किंवा टोपीत खोचायची. टोकाची वाटी कान कोरण्यासाठीच. निघालेला मळ दोऱ्याला चोळून दोरा गुळगुळीत करत, असंही अभ्यासक सांगतात. कोरलेली अक्षरं म्हणजे बहुधा मालकिणीच्या नावाची आद्याक्षरं. आजींना वाटी ओळखता आली, कारण कान सगळ्या जगाला आहेत. फितीचं भोक ओळखता आलं नाही, कारण तसे कपडे आपल्याकडे नव्हते. चांदीच्या अनोळखी वस्तूंचा सगळा प्रश्न या दोन गोष्टींमधल्या अंतरात आहे. वस्तूचा काही भाग स्वतःहून बोलतो. उरलेल्या भागाचा अर्थ तिच्यासारख्या दुसऱ्या वस्तू सापडेपर्यंत लागत नाही.

या प्रश्नाचा विचार करायला इंग्लंड आणि वेल्ससारखी दुसरी जागा नाही. तिथे जमीनमालकाची परवानगी घेऊन डिटेक्टर फिरवणं कायदेशीर आहे आणि हजारो लोक शनिवार-रविवारी तेच करतात. १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट सप्टेंबर १९९७ पासून लागू झाला. ३०० वर्षांहून जुनी आणि वजनात किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, सुटं नाणं वगळता, त्यानुसार 'ट्रेझर' ठरते. ती सापडल्याचं १४ दिवसांच्या आत कोरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणजे अनोळखी चांदीच्या तुकड्याची ओळख हा तिथे नुसता कुतूहलाचा विषय राहत नाही. वस्तू कोणत्या काळातली आणि किती शुद्ध, यावर तिचा मालक कोण हे ठरतं. त्याच १९९७ साली पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम सुरू झाली आणि २००३ पर्यंत ती इंग्लंड-वेल्सभर पसरली. जिल्ह्याजिल्ह्यांतले 'फाइंड्स लायझन ऑफिसर' लोकांनी आणलेल्या वस्तू पाहतात, मोजतात, वजन करतात, छायाचित्रं काढतात आणि सगळ्यांना पाहता येईल अशा नोंदवहीत टाकतात. तिथे आता १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत. ट्रेझरच्या नोंदीच दरवर्षी हजाराच्या वर जातात आणि त्यातल्या बहुतेक डिटेक्टरवाल्यांनी आणलेल्या असतात.

डिटेक्टरबद्दल फार बोलायला नको. ते यंत्र धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह उठवतं आणि त्याच्या प्रतिसादावरून पडद्यावर एक आकडा दाखवतं. सगळ्या धातूंत चांदी सर्वांत चांगली वीजवाहक असल्याने चांदीच्या मोठ्या नाण्याला आकडा वरचा येतो. पण चांदीचा पातळ पत्रा आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांत त्याची गल्लत होते. ओळख सुरू होते ती माती झटकल्यानंतर.

पहिला प्रश्न, ती चांदी आहे का. जमिनीत शतकं काढलेली चांदी क्वचितच चमकते. मिठामुळे तिच्यावर राखाडी-जांभळट थर चढतो, गंधकामुळे ती काळी पडते आणि तिच्यात मिसळलेलं तांबं बाहेर आलं की हिरवट डाग दिसतात. कथील आणि शिसं मातीत तसेच राखाडी होतात. एकोणिसाव्या शतकात आलेल्या 'जर्मन सिल्व्हर'मध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसतेच. हिरवट कडेखाली लालसर तांबं डोकावत असेल तर ते १७४० च्या दशकापासून शेफील्डला बनू लागलेलं, तांब्यावर चांदीचा पत्रा दाबून केलेलं काम असू शकतं. घरच्या घरी करता येणारी सर्वांत प्रामाणिक परीक्षा आर्किमिडीजची. वस्तू कोरडी तोला आणि मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. हवेतल्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागलं की घनता मिळते. शुद्ध चांदीची १०.४९ येते, स्टर्लिंगची १०.३६ च्या आसपास. वस्तू पोकळ नसावी आणि तिच्यात खडा नसावा, एवढीच अट.

संग्रहालयात यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे एक्सआरएफ वापरतात. ही पद्धत वस्तूला ओरखडाही न काढता धातूंचं प्रमाण सांगते. पण ती पृष्ठभागच वाचते आणि जुन्या चांदीच्या पृष्ठभागावरचं तांबं मातीने आधीच खाल्लेलं असतं. त्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा शुद्ध वाटते. तरी या यंत्राचे दोन साक्षीदार फार उपयोगी आहेत. पहिला पारा. सोनेरी मुलाम्यात पारा आढळला तर तो जुन्या रीतीने, सोन्याची पाऱ्यात लगदी करून आणि तापवून दिलेला असतो. एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर तो उद्योग पसरला आणि मुलाम्यात पाऱ्याची गरज उरली नाही. दुसरा साक्षीदार सोन्याचा अंश. जुन्या काळी शिशाबरोबर वितळवून चांदी शुद्ध करत आणि तिच्यात सोन्याचे बारीक अंश राहूनच जात. विजेने शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत ते जवळपास नसतात. 'मध्ययुगीन' म्हणून आणलेली कितीतरी पदकं इथेच उघडी पडतात.

दुसरा प्रश्न छापांचा. चांदीवर हॉलमार्क असेल तर अर्धं काम झालं, असं लोकांना वाटतं. इंग्लंडमध्ये १३०० पासून बिबट्याच्या तोंडाचा छाप, १३६३ पासून कारागिराची खूण, १४७८ पासून वर्ष सांगणारं अक्षर आणि १५४४ पासून चालता सिंह आहे. १६९७ ते १७२० या काळात शुद्धतेची पातळी ९२.५ वरून सुमारे ९५.८ टक्क्यांवर नेली होती, तेव्हा सिंहाऐवजी ब्रिटानियाची बसलेली आकृती दिसते. १७८४ ते १८९० मधल्या वस्तूवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं असतं. चारही छाप मिळाले तर वर्ष, शहर आणि कारागीर पुस्तकातून काढता येतो. पण अडचण अशी की शेतात हरवतात त्या वस्तू छोट्या असतात. अंगुस्ताना, बटण, फितीची सळई, आकडा यांच्यावर बहुतेक वेळा एकही छाप नसतो, असला तर फक्त कारागिराची दोन अक्षरं. छाप नसणं म्हणजे नकली असणं, हा समज काढून टाकायला हवा. उलट त्रिकोणात कोरलेली तीन अक्षरं मिळाली तर ती बहुधा नवराबायकोची असतात. वरचं आडनावाचं, खालची दोन दोघांच्या नावांची. असा तुकडा छापाशिवायही पुष्कळ सांगून जातो.

तिसरा आणि खरा प्रश्न कामाचा. ही वस्तू कशासाठी होती? माझ्या मते या सगळ्या आढाव्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण ट्यूडर काळातल्या चांदीच्या छोट्या आकड्यांचं आहे. तीन पाकळ्यांचा किंवा गोल पत्रा, त्यावर तारकाम आणि बारीक रवे, सोन्याचा मुलामा, मागे एक चपटी कडी आणि खाली अणकुचीदार वळलेला आकडा. संग्रहालयांच्या कपाटांत असे आकडे मोजकेच होते, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. १९९७ नंतर सक्तीच्या नोंदी सुरू झाल्या आणि ते ट्रेझर म्हणून एकामागून एक येऊ लागले. २००२ मध्ये 'अँटिक्वेरीज जर्नल'मध्ये डेव्हिड गेमस्टर आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावर लेख लिहिला आणि शीर्षकातच त्यांना ट्रेझरमधला एक नवा वर्ग म्हटलं. सोळाव्या शतकातल्या लोकांनी हे आकडे कपडे अडकवायला, झग्याचा घोळ वर खोचायला, शेला जागेवर ठेवायला वापरले.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की एकही आकडा स्वतःची ओळख सांगत नव्हता. पहिला सापडला तेव्हा तो 'चांदीचा अलंकार, उपयोग अज्ञात' असेल. दहावा सापडला तेव्हा आकड्याची झीज एकाच बाजूला होते हे दिसलं असेल, पन्नासावा आला तेव्हा नक्षीचे प्रकार लावता आले असतील. धातूचं पृथक्करण, छाप, घनता हे सगळं बाजूला ठेवलं तरी नोंदींच्या ढिगातून ओळख आपोआप वर येते. तज्ज्ञाचा डोळा म्हणतात तो बहुतांशी हाताखालून गेलेल्या तुकड्यांचा ढीगच असतो. म्हणून छंद म्हणून फिरणाऱ्याने आणलेला मोडका, वाकडा, बिनकिमतीचा तुकडाही नोंदला पाहिजे, हा आग्रह मला पटतो.

असंच ससाण्याच्या कड्यांचं. बोटाला न बसणारी चपटी चांदीची कडी, तिला कधी जोडलेली इवलीशी ढाल आणि कडेवर कोरलेलं एक नाव आणि एक गाव. अंगठी समजून लोक तिच्याशी झगडतात. शिकारी पक्ष्याच्या पायातल्या चामडी दोऱ्यांना ती अडकवलेली असायची आणि पक्षी भरकटला तर कुणाकडे पोचवायचा याचा पत्ता तिच्यावर असायचा. इथे वस्तू अक्षरशः स्वतःचं नाव सांगते, तरी कशासाठी हे कळायला ससाण्यांचा छंद माहीत असावा लागतो.

आणखी एक वस्तू मुंबईकरांनी मुद्दाम पाहावी. रुपयापेक्षा लहान चांदीची चकती, तिच्यावर शेजारीशेजारी दोन हृदयं आणि वर मुकुट. अशा चकत्या इंग्लंडच्या शेतांतून सतत निघतात. त्या बाह्यांच्या बटणांच्या आहेत आणि त्यांचा संबंध १६६२ मध्ये झालेल्या दुसऱ्या चार्ल्सच्या आणि पोर्तुगालच्या कॅथरीन ऑफ ब्रॅगांझाच्या लग्नाशी जोडला जातो. त्याच लग्नाच्या १६६१ च्या करारात मुंबई हुंड्यात गेली, १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली गेली. लंडनचे लोक त्या लग्नाची बटणं बाह्यांना लावून हिंडत होते, हे इंग्लंडच्या चिखलातून कळतं. अर्थात मुकुटाखालची दोन हृदयं कुणाही प्रेमिकांना शोभतात. प्रत्येक चकती राजाच्याच लग्नाची म्हणणं धाडसाचं आहे. 'या काळातली, बहुधा या प्रसंगाशी जोडलेली' इथे थांबणारी नोंद मला जास्त विश्वासाची वाटते.

जिथे जोडीदार सापडत नाही तिथे काय होतं? १७७४ मध्ये कॉर्नवॉलमध्ये ट्रेविडल इथे कथील शोधणाऱ्यांना नवव्या शतकातला चांदीचा साठा मिळाला. त्यात गुंफलेल्या चांदीच्या तारेची एक वस्तू आहे, एका टोकाला काचेचा मणी, दुसऱ्या टोकाला गाठी मारलेल्या शेपट्या. तारेच्या या गुंफणीला पुरातत्त्वज्ञ आजही आपल्या तिरुचिरापल्लीच्या जुन्या इंग्रजी नावाने, 'ट्रिचिनॉपली' म्हणून ओळखतात. साठ्यात चर्चचा प्याला होता, म्हणून या वस्तूला आत्मक्लेशाचा चाबूक म्हटलं गेलं. अडीचशे वर्षं झाली, तसा दुसरा सापडलेला नाही. हे नाव म्हणजे शेजारच्या प्याल्यावरून केलेला तर्क आहे. चांगला तर्क, पण तर्कच.

डेन्मार्कमधल्या लायरे इथे २००९ मध्ये चांदीची एक मूर्ती मिळाली. उंची पावणेदोन सेंटिमीटर, वजन नऊ ग्रॅम, काळ इसवी सन ९०० च्या आसपासचा. सिंहासनावर कुणीतरी बसलेलं, हातांजवळ दोन पक्षी, मागे प्राण्यांची तोंडं. दोन कावळे म्हणजे ओडिन, असं संग्रहालयाने जाहीर केलं. वेशभूषेचे अभ्यासक लगेच उठले. पायघोळ झगा आणि गळ्यात मण्यांच्या माळा हा त्या काळातल्या बाईचा पोशाख आहे, तर ही देवी का नसावी? वाद मिटलेला नाही आणि मिटायची घाईही नाही. पण फलकावर 'लायरेचा ओडिन' हे नाव बसलं ते बसलंच. त्याच देशात २०१२ च्या डिसेंबरमध्ये हॉर्बीला एका डिटेक्टरवाल्याला साडेतीन सेंटिमीटरची तलवार-ढाल घेतलेली बाई मिळाली, केसांची गाठ मागे बांधलेली, अंगावर सोनेरी मुलामा. तिला लगेच वाल्किरी, म्हणजे रणांगणावरची देवदूती म्हटलं गेलं. कदाचित असेलही. पण हातात शस्त्र घेतलेली बाई दिसली की ती देवीच असणार, हे गृहीत आपलं आहे की त्या काळाचं, असा प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकांची बाजू मला अधिक गंभीर वाटते.

नावं चिकटतात याचा आणखी एक पुरावा हॉक्सनी इथला. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सफोक परगण्यातल्या या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला मित्र डिटेक्टर घेऊन गेला आणि निघाला रोमन ब्रिटनच्या उत्तरकाळातल्या सोन्या-चांदीचा सर्वांत मोठा साठा. जवळजवळ १५ हजार नाणी, ९८ चांदीचे चमचे आणि पळ्या, दागिने आणि चार मिरीदाण्या. शोधणाऱ्याने पहिल्या काही वस्तूंनंतर हात आवरला आणि अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना पेटी कशी भरली होती हेसुद्धा पाहता आलं. मिरीदाण्यांपैकी एक बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची आहे, केस मोठ्या थाटात बांधलेले, हातात गुंडाळी. बुडाशी फिरती चकती आहे. एका स्थितीत मिरी भरायची, दुसऱ्यात बंद, तिसऱ्यात शिंपडायची. बुडाच्या त्या चकतीनेच तिचं काम सांगितलं. आधी तिला सम्राज्ञी म्हटलं, आता ती श्रीमंत घरातली बाई असावी असं मानतात, पण 'एम्प्रेस' हे नाव संग्रहालयात राहिलं. आणि आत जी मिरी असायची ती आली होती आपल्या मलबार किनाऱ्यावरून. याच साठ्यात एक टोक दातकोरण्याचं आणि दुसरं बहुधा ब्रशचं अशी पक्ष्याच्या आकाराची साधनंही आहेत. कानकोरण्याची आजी इथेही निम्मी उत्तरं देऊन गेली असती. त्या शेतकऱ्याचा हातोडाही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

एवढ्या सगळ्या प्रकरणांवरून दिसतं ते हे की वस्तू बाहेर काढतानाच तिची ओळख बिघडते किंवा टिकते. स्कॉटलंडमध्ये २०१४ मध्ये सापडलेला गॅलोवे साठा यासाठी पाहावा. इसवी सन ९०० च्या सुमाराला पुरलेला, शंभराहून जास्त वस्तूंचा. त्यातलं झाकणाचं चांदीचं भांडं कापडात गुंडाळलेलं होतं. घाईने ते कापड ओरबाडून भांडं घासलं असतं तर 'युरोपातलं कॅरोलिंजियन भांडं' हा पहिला अंदाज कायम राहिला असता. तसं केलं नाही. क्ष-किरणांनी कापडाआडची नक्षी पाहिली, तेव्हा तिच्यात वाघ-बिबटे आणि अग्निवेदी दिसल्या, म्हणजे ससानी इराणची परंपरा. नंतर धातूच्या पृथक्करणाने चांदीही इराणकडचीच निघाली. कापडाचं रेडिओकार्बन वय भांडं पुरल्याच्या काळाच्या शंभराहून जास्त वर्षं आधीचं आलं. आत सोन्याचे कण आणि हाडांचे बारीक तुकडे मिसळलेले मातीचे गोळेही होते. हौशी माणसाने नळाखाली धुऊन ते घालवले असते. स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्रत्येक जुनी बेवारस वस्तू राजसत्तेची असते, वय आणि धातू काहीही असो. तो कायदा मला इंग्लंडच्या कायद्याहून सुटसुटीत वाटतो.

याची उलटी बाजू इंग्लंडमध्येच लेमिन्स्टरजवळ घडली. २०१५ मध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला, सोन्याची कडी, स्फटिकाचं लटकन, चांदीची लगड आणि नाणी. त्यांनी तो कुणालाही न सांगता विकायला काढला. नाणी सुमारे तीनशे असावीत असा अंदाज आहे, सुरुवातीला परत मिळाली ती तिसेक. त्या तिसांतही वेसेक्सचा अल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा सेओलवुल्फ हे दोन राजे एकाच नाण्यावर शेजारीशेजारी बसलेले निघाले. म्हणजे ज्या सेओलवुल्फला इतिहासाने व्हायकिंगांचं बाहुलं ठरवलं होतं तो अल्फ्रेडचा सहकारी असावा. २०१९ मध्ये दोघांना दीर्घ तुरुंगवास झाला. हरवलेल्या नाण्यांनी काय सांगितलं असतं हे आता कळणार नाही.

ओळख चुकण्याचा आणखी एक मार्ग आहे, जास्त ओळखण्याचा. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मिडलटाउनला २०१४ मध्ये एका हौशी माणसाच्या डिटेक्टरला अरबी अक्षरांचं चांदीचं छोटं नाणं लागलं. ते १६९३ चं, येमेनमध्ये पाडलेलं निघालं. हे नाणं इंग्रज वसाहतीत कसं आलं? सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' जहाज लुटलं होतं. त्या लुटीपायी सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत पडावं लागलं होतं. नंतर न्यू इंग्लंडमध्ये अशी आणखीही नाणी मिळाली आणि एव्हरी अमेरिकेत लपला होता, असा निष्कर्ष गाजला. नाण्याची ओळख पक्की आहे. निष्कर्ष तितका नाही. तांबड्या समुद्रात लुटायला जाणारी जहाजं त्या किनाऱ्यावरून एकाहून जास्त निघत होती. नाणं एवढंच सांगतं की तांबड्या समुद्राकडचा, बहुधा लुटलेला पैसा तिथे खर्च होत होता. तेही काही कमी नाही.

हौशी लोकांना जमिनीत हात घालू द्यावा का, यावर युरोपात एकमत नाही. आयर्लंडने परवान्याशिवाय डिटेक्टरने शोधणं गुन्हा ठरवलं आहे. तिथे १९८० मध्ये डेरीनाफ्लान इथे डिटेक्टरनेच चांदीचा प्याला, थाळी आणि गाळणी असलेला चर्चचा साठा मिळाला होता. त्याच्या मालकीवरून १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला आणि कायदे कडक झाले. नांगर आणि खतं शेतातल्या वस्तू तशाही खात असतात, म्हणून शोधू द्या, हा इंग्लंडचा युक्तिवाद नांगरटीच्या थरापुरता बरोबर आहे. त्याखाली जाणाऱ्या फावड्याला तो लागू होत नाही.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुंगेरियाला गुराख्याच्या पोरांना तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे मिळाले. काही पत्रे गोल, काही खाली वाकलेल्या शिंगांच्या बैलाच्या डोक्यासारखे. हा साठा आज वाटला गेलेला आहे, त्यातलं काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे, काही ब्रिटिश म्युझियममध्ये. दीडशे वर्षांनंतरही ते पत्रे दागिने होते, पूजेचे होते की कशावर मढवलेले होते, याचा निकाल लागलेला नाही. कारण तेच, जोडीदार नाही. याउलट १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांवर चांदीची नाणी एकत्र मिळाली आणि एकत्र अभ्यासली गेली. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेली त्यात ९ हजारांहून जास्त निघाली. नाशिकच्या लेण्यातला विजयाचा दावा चांदीने असा पक्का केला.

आणि गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे अजून मांत्रिक आठवतो. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्या नावाखालच्या अघोरी प्रकारांची वेगळी नोंद घ्यावी लागली. सापडलेल्या धनाला जो कायदा लागू होतो तो १८७८ चा, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट. दहा रुपयांहून जास्त किमतीची जमिनीत दडलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. सरकारला ती ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश वर, एवढी रक्कम द्यायची. इंग्लंडमध्ये समिती बाजारभाव ठरवते आणि तो सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात साधारण निम्मा-निम्मा वाटला जातो. आपला कायदा वस्तूला तिच्या चांदीइतकीच, फार तर थोडी जास्त, किंमत देतो. मग शेतकऱ्याने ती तालुक्याच्या सोनाराकडे का नेऊ नये? सोनार तर पंचनामाही करत नाही.

तरीही वाचकाला सांगणं असं की विहीर खणताना, पाया घेताना किंवा नांगराच्या फाळाला चांदीचं काही लागलं तर ते रांगोळीने, चिंचेने किंवा दातांच्या पावडरीने घासू नका, वाकडं असेल तर सरळ करू नका. जुनी चांदी ठिसूळ होते आणि मोडते. शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जागा आणि खोली लिहून ठेवा, बाकीचं तिथेच राहू द्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला व राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधींना १८७८ च्या कायद्यातला तो एक पंचमांश बदलून बाजारभाव लावायला सांगा. तो बदल झाल्याशिवाय या नोंदी वाढणार नाहीत.